हायस्कूलच्या शिक्षकांचा रिव्ह्यू: इमारत, बस, निकाल सोडून बाकी सगळं

शाळांचे रिव्ह्यू वाचायला बसलं की सगळीकडे तेच. इमारत छान, मैदान मोठं, बस वेळेवर, निकाल उत्तम आणि शेवटी कुठेतरी एक ओळ, "टीचर्स पण चांगले आहेत". अरे पण मूल दिवसभर इमारतीशी बोलत नाही ना! ज्यांच्यासमोर ते पाच-सहा तास बसतं त्यांच्याबद्दल एक ओळ आणि नव्या कॉम्प्युटर लॅबबद्दल अख्खा परिच्छेद. म्हणून हा रिव्ह्यू फक्त शिक्षकांचा. माझी मुलगी हायस्कूल संपवून बाहेर पडली, मुलगा अजून तिथेच आहे, त्यामुळे एकच स्टाफरूम दोनदा अनुभवलीय आणि तीही दोन अगदी उलट्या स्वभावाच्या मुलांमधून. शाळेचं नाव लिहिणार नाही, चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि नाव लिहिलं की माणसं लगेच ओळखू येतात.

ज्यांची मुलं आत्ता प्राथमिक संपवून वर जातायत त्यांच्यासाठी आधी थोडं. प्राथमिकला एकच बाई जवळजवळ दिवसभर असतात, मूल आज रुसलंय, झोप झालेली नाही, पेन्सिल कुणीतरी घेतलीय, सगळं त्यांना बघताक्षणी कळतं. हायस्कूलला दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी माणूस बदलतो. गणिताचे सर येऊन गेले, इतिहासाच्या मॅडम आल्या, मग विज्ञान, मग पीटी. माझा मुलगा गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही, भाषेच्या तासाला गप्प बसत नाही आणि मैदानावर रोज कुणाशीतरी हुज्जत घालतो, म्हणजे तीन शिक्षकांना तीन वेगळी मुलं माहीत आहेत आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर. हे तुकडे शाळेत कोणी एकत्र जोडतं का, यावर माझ्या मते ही अख्खी सेवा चांगली की वाईट ते ठरतं. बाकी फळ्यावर शिकवणं वगैरे कमीजास्त सगळीकडे होतंच.

तर जोडणारा माणूस म्हणजे वर्गशिक्षक. वेळापत्रकात यांच्या नावापुढे काय असतं? हजेरी. सकाळची दहा मिनिटं. प्रत्यक्षात हजेरी घेणं, दांडी मारणाऱ्यांच्या घरी फोन करणं, बाकांवर कोण कुठे बसणार ते ठरवणं, भांडणं मिटवणं, प्रगतिपुस्तकं भरणं, सहलीची संमतीपत्रं गोळा करणं, हरवलेल्या वस्तू, आजारी पडलेलं पोर, आणि वर स्वतःचा विषय शिकवायचा तो वेगळाच.

मुलगी नववीत असताना एका संध्याकाळी तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "तुम्ही हिची आई बोलताय ना? घाबरू नका, मार्कांबद्दल नाहीये. ती हल्ली शाळा सुटल्यावर सगळ्यात शेवटी वर्गातून निघते, आधी पळत सुटायची. तिला लगेच काही विचारू नका, फक्त लक्ष असू द्या, इकडे मी बघते." आता सांगा, मला घरात बसून हे कसं कळणार होतं? घरी ती वेळेवरच पोचत होती, कारण निघायला झालेला उशीर ती वाटेत भरभर चालून काढायची. मैत्रिणींचा एक ग्रुप तिला गेटपाशी गाठून चिडवत होता आणि तो निघून जाईपर्यंत ही दप्तर आवरत बसायची. मॅडमनी काय केलं तर पुढच्या सोमवारी अख्ख्या वर्गाच्या जागा बदलल्या, चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांच्या. त्या ग्रुपमधल्या मुली चार कोपऱ्यांत गेल्या आणि हिच्यामुळे काही झालंय असं कुणाला वाटायला जागाच राहिली नाही. चिठ्ठ्या खरंच चिठ्ठ्या होत्या का याबद्दल मला अजून शंका आहे.

हे काम कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं आणि निकालाच्या बोर्डवर पण दिसत नाही. किराबो जॅक्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या नववीच्या शिक्षकांवर काम केलंय, पेपर २०१८ चा आहे. त्याने परीक्षेचे गुण एका बाजूला ठेवले आणि दुसऱ्या बाजूला हजेरी, निलंबन, वेळेवर पुढच्या वर्गात जाणं असल्या गोष्टी, आणि शिक्षकाचा परिणाम दोन्हीकडे वेगवेगळा मोजला. निघालं असं की गुण वाढवणारे शिक्षक आणि वागणं-हजेरी सुधारणारे शिक्षक बरेचदा एकच नसतात, आणि मूल पुढे हायस्कूल पूर्ण करेल की नाही याचा अंदाज या दुसऱ्या बाजूवरून जास्त चांगला लागतो. म्हणजे ज्या शिक्षकाचं नाव आपण निकालाच्या दिवशी घेतो तोच सगळ्यात कामाचा होता असं काही नाही. माझ्याकडून वर्गशिक्षिकेला पाचपैकी पाच. मुलाच्या वर्गशिक्षकांना तीन, माणूस भला आहे पण त्यांच्याकडे शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांची जबाबदारी दिलीय, त्यामुळे वर्गात ते हजेरीपुरतेच सापडतात आणि हा दोष त्यांचा कमी, शाळेचा जास्त.

आता विषयशिक्षक. "सरांना विषय खूप येतो" हे कौतुक पालक फार करतात, मी पण करायचे. विषय यायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. मूल नेमकं कुठे अडखळणार हे आधीच माहीत असणं ही वेगळीच विद्या आहे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली होती, की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची हातोटी यांच्या मधोमध तिसरं एक ज्ञान असतं, हाच विषय या वयाच्या मुलांना कसा समजतो आणि कसा चुकीचा समजतो याचं. आमच्याकडचे विज्ञानाचे सर त्याचा नमुना. वीज शिकवताना त्यांनी व्याख्या लिहून दिलीच नाही आधी. एकसारखे दोन बल्ब एकापुढे एक जोडले, बटण दाबायच्या आधी विचारलं, कुठला जास्त उजळेल? हात वर करा. बहुतेक मुलं म्हणाली पहिला, कारण करंट आधी त्याच्याकडे जातो, तो थोडा वापरून टाकतो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो. मग बटण दाबलं, दोन्ही सारखे. मुलगा त्या दिवशी घरी येऊन मला विचारतो, "आई, करंट संपत नाही हे तुला माहीत होतं का?" माहीत होतं, पण पाठ केलेलं म्हणून माहीत होतं, मला त्याचं कधी आश्चर्य वाटलं नव्हतं. जगभरातली मुलं हीच चूक करतात आणि सरांना ती आधीच ठाऊक होती, म्हणून त्यांनी ती मुद्दाम वर काढून टेबलावर ठेवली. नुसती व्याख्या दिली असती तर व्याख्या वहीत आणि गैरसमज डोक्यात, दोन्ही सुखाने नांदले असते.

उलट गणिताचे एक सर होते, हुशारीबद्दल वादच नाही, फळ्यावर गणित सोडवताना बघत राहावं असे. पण (अ + ब) च्या वर्गात मुलं मधलं पद का गाळतात हे त्यांना आयुष्यात कळलेलं नाही, कारण त्यांनी स्वतः ते कधी गाळलेलंच नसणार. "अरे इतकं सोपं आहे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्याला ते सोपं जात नाहीये त्याला हे वाक्य कसं लागतं ते मी मुलीच्या चेहऱ्यावर वर्षभर पाहिलंय. दोन स्टार, तेही फळ्यावरच्या अक्षराला.

इतिहासाच्या मॅडमबद्दल मुलाची तक्रार होती की त्या प्रश्न विचारतात आणि मग नुसत्या उभ्या राहतात. कुणी बोललं नाही तरी उभ्याच. "इतकं ऑकवर्ड होतं ना, शेवटी कुणीतरी बोलतंच." मला हसू आलं, कारण हे त्या नक्की समजून-उमजून करत असणार. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज तपासली होती, त्यात दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तेच तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं तर उत्तरं लांब आणि विचार करून येतात, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत ती पण बोलायला लागतात. फुकटातली सुधारणा आहे, यंत्र नको, स्मार्ट बोर्ड नको. पण चाळीस पोरांसमोर गप्प उभं राहायला धीर लागतो, पोर्शन संपवायची घाई असली की तीन सेकंद पण जड होतात.

वह्या. हा विषय निघाला की पालकांच्या ग्रुपवर आग लागते. भाषेच्या शिक्षिकेने निबंध परत दिले आणि वर मार्कच नाहीत! फक्त शेरे. "दुसरा परिच्छेद पहिलाच असायला हवा होता", "इथे तुझं मत कुठे गेलं?" असे. मार्क तीन-चार दिवसांनी वेगळे सांगितले. ग्रुपवर लगेच सुरू, हे काय नवीन, मार्क लपवतायत का, तुलना कशी करायची वगैरे वगैरे. मी त्यांच्या बाजूने बोलले आणि एकटी पडले. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा अभ्यास आहे, काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांत नाही! मार्क दिसले की मूल शेरा वाचतच नाही, शेजाऱ्याचे मार्क बघतं आणि वही बंद करतं. मी पण शाळेत तेच करायचे, तुम्ही पण करत असाल.

पण इथे शिक्षकांची बाजू पण घ्यायला हवी. एका भाषाशिक्षकाकडे पाच तुकड्या, प्रत्येकी चाळीस मुलं, म्हणजे २०० निबंध. एका निबंधाला फक्त तीन मिनिटं धरली, आणि तीन मिनिटांत धड शेरा लिहून होत नाही, तरी ६०० मिनिटं झाली. दहा तास. एका निबंधाचे! आणि हे दहा तास वेळापत्रकात कुठेच नसतात, ऑफ तासाला तपासू म्हटलं तर तो ऑफ तास बदली तासात जातो कारण कुणीतरी रजेवर. मग उरते रात्र. त्यामुळे वहीत नुसती टिकमार्क आणि सही दिसली की लगेच "बाई तपासतच नाहीत" म्हणून ओरडू नका, आधी विचारा त्यांच्याकडे तुकड्या किती आहेत. आमच्या शाळेत "आठवड्याला सगळ्या वह्या तपासलेल्या दिसल्या पाहिजेत" असा नियम आहे आणि त्याचा परिणाम असा की सगळ्या वह्यांत सह्या आहेत आणि शेरे कुठेच नाहीत. त्यापेक्षा महिन्यातून एक वही नीट वाचली तरी चालेल, माझी तरी काही तक्रार नसेल.

पीटीचे सर, चित्रकलेच्या मॅडम, ग्रंथपाल, यांना पालकसभेत कुणी भेटत नाही, टेबलं रिकामी असतात. मी मुद्दाम जाते. वर्गात शेवटच्या बाकावर असणारी मुलं मैदानावर पुढे असतात, त्यामुळे जी गोष्ट गणिताच्या सरांना वर्षभरात कळत नाही ती पीटीच्या सरांना पंधरा दिवसांत कळते. मुलाचा राग कुठून येतो हे मला त्यांनीच सांगितलं. हरल्यावर नाही चिडत तो, कुणी नियम मोडला आणि सरांनी बघितलं नाही की चिडतो. या एका वाक्याने घरातली निम्मी भांडणं मला नव्याने समजली. ग्रंथपाल मॅडम पण भारी, पुस्तक परत करताना "आवडलं का" एवढंच विचारतात, गोष्टीचा सारांश लिहून आणायला सांगत नाहीत. समुपदेशक म्हणून एक मॅडम आहेत, चांगल्या आहेत असं ऐकलंय पण त्या एकट्या आणि शाळा हजाराच्या वर. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे, त्यावरून बघा. नाव बोर्डवर आहे म्हणून सेवा मिळतेय असं समजू नका.

आता पालकसभा. सगळ्यात वाईट भाग, एक स्टार. रांगेत तासभर आणि समोर पाच मिनिटं, मागचे पालक मानेवर श्वास सोडतायत, मूल शेजारी मान खाली घालून उभं, आणि संवाद ठरलेला, "अभ्यासात कसा आहे?" "हुशार आहे पण मेहनत घेत नाही." हे वाक्य ऐकून मला वाटतं ते छापूनच ठेवलेलं असावं. यात शिक्षकांचा एकट्याचा दोष नाही, आपण प्रश्नच तसा विचारतो. मी हल्ली विचारते, कुठल्या प्रकारचा प्रश्न आला की तो न लिहिता सोडून देतो? किंवा, वर्गात तो शंका कुणाला विचारतो, तुम्हाला की शेजारच्याला? अशा प्रश्नाला शिक्षक क्षणभर थांबतात आणि मग खरं काहीतरी सांगतात. आणि कधीकधी त्यांच्याकडे उत्तर नसतं, मग तेही कळतं आपल्याला.

तक्रारी आहेत, लपवत नाही. सगळ्यात मोठी म्हणजे लेबलं. मुलगा पहिल्या दिवशी वर्गात गेला तर तीन वेगवेगळ्या तासांना तीन शिक्षकांनी विचारलं, "तू तिचा भाऊ का? मग तुझ्याकडून अपेक्षा आहेत बरं." बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. त्याने त्या दिवशीच ठरवून टाकलं की बहिणीला जे विषय आवडायचे त्यातलं आपण काहीच करायचं नाही, आणि हे बदलायला आम्हाला खूप वेळ लागला. स्टाफरूममध्ये मुलांबद्दल बोलणं होणारच, व्हायलाच हवं, नाहीतर मी वर म्हटलं ते तुकडे जोडणार कसे. पण "त्याला इतिहासात सूर सापडलाय, तुम्ही पण बघा" हे बोलणं वेगळं आणि "ती तुकडीच वाया गेलेली आहे" हे वेगळं, दुसऱ्या प्रकारचं मी स्टाफरूमच्या दाराशी उभी असताना ऐकलंय.

दुसरी तक्रार टोमण्यांची. मारणं आता नाही, चांगलंच झालं, पण काही जणांनी ती सगळी ताकद जिभेत आणलीय. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर उपहासाने बोललेलं एक वाक्य वर्षानुवर्षं आठवतं.

तिसरी, मध्येच शिक्षक सोडून जाणं. मुलाच्या वर्गाला एका वर्षात गणिताचे तीन शिक्षक झाले, प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाने आधीच्याचं चुकीचं ठरवलं. हे फक्त आमच्याकडचं नाही. युनेस्कोचा अंदाज आहे की २०३० पर्यंत जगात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ४ कोटी ४० लाख शिक्षक आणखी लागतील आणि त्यातले बहुतेक माध्यमिकला. तेव्हा चांगला विषयशिक्षक टिकलाय अशी शाळा मिळाली तर इमारतीचा रंग उडालेला असला तरी घ्या.

पालकांबद्दल पण लिहिते, कारण या सेवेत गिऱ्हाईकच जास्त उपद्रवी आहे. रात्री अकराला शिक्षकांना मेसेज, "उद्या वही कोणती आणायची?" अहो, मुलाला विचारा ना. उत्तर आलं नाही की सकाळी मुख्याध्यापकांकडे तक्रार. आमच्या मुख्याध्यापिकेने एक काम झकास केलं, संध्याकाळनंतर शिक्षकांनी पालकांच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही असा लेखी नियमच काढला, अडचण असेल तर शाळेच्या ऑफिसला फोन करायचा. ग्रुपवर बोंब झाली, पण पुढच्या महिन्यात वह्यांवरचे शेरे जरा लांबलेले मला तरी दिसले. योगायोग असेलही.

शाळा बघायला जाणार असाल तर लॅब दाखवतायत ती बघा, पण सोबत हे विचारा: वर्गशिक्षकाकडे आणखी कुठली कामं आहेत, एका भाषाशिक्षकाकडे तुकड्या किती, रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला काय होतं, आणि एखाद्या मुलाबद्दल सगळे विषयशिक्षक एकत्र बसून कधी बोलतात का. शेवटच्या प्रश्नाला आमच्या शाळेत उत्तर मिळालं, "सहामाहीनंतर एकदा बसतो." एकदा का होईना, बसतात. दुसऱ्या एका शाळेत हा प्रश्न विचारल्यावर समोरच्या माणसाने मला फीचं वेळापत्रक दिलं.

एकूण पाचपैकी साडेतीन. त्यातले दीड एकट्या त्या चिठ्ठ्यावाल्या मॅडमचे. गृहपाठाबद्दल मुद्दामच लिहिलं नाही, त्यावर आमच्या घरातच एकमत नाहीये.